उसने आणि आपले

आमच्या आजीचा एक नेम होता. शेजारणीकडून उसने आणलेले पातेले परत करताना ती ते घरच्या पातेल्यापेक्षा अधिक घासायची. आधी राख, मग चिंच, मग पुन्हा राख. भांडे रिकामे पाठवायचे नाही म्हणून तळाशी गुळाचा खडा किंवा मूठभर शेंगा. घरची पातेली मात्र पोचे पडलेली, बुडाशी काजळी धरलेली. लहानपणी मी एकदा तिला याचे कारण विचारले. ती म्हणाली, "आपलं ते आपलंच हाय, त्याला कोण इचारतंय? दुसऱ्याचं जोखमीचं असतं बाबा."

या उत्तरात एक मोठा नैतिक प्रश्न दडलेला आहे, हे कळायला मला साठी गाठावी लागली. तो कळला तोही आजीच्याच परसातल्या एका दगडामुळे, आणि फार दूरच्या, म्हणजे विलायतेहून फिरतीवर आलेल्या काही शिल्पांमुळे. या दोहोंचा संबंध काय, असे कोणी विचारील. तोच सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

हुमनाबादपासून काही कोसांवर आमच्या आजोळचे माळवदाचे घर होते. मागे परस, परसात आड, आडाशेजारी धुण्याचा दगड. काळाभोर, हातभर रुंद, दीड-दोन हात लांब. मधोमध कपडे आपटून-आपटून त्याला बशीसारखा खोलगटपणा आलेला. नरक चतुर्दशीच्या पहाटे आम्हा पोरांना त्याच दगडाशेजारी बसवून आजी उटणे लावायची. सर्वांच्या आंघोळी झाल्या की दगड धुऊन त्याला हळदकुंकू वाहायची. जात्याला, उखळाला, चुलीला वाहायची तसेच यालाही. राबणाऱ्या वस्तूचा मान, एवढाच त्याचा अर्थ.

२००९ च्या उन्हाळ्यात ते घर पाडायला काढले. मामांनी दगड उचलायला चार गडी लावले आणि तो उलटा झाला. खालच्या बाजूला बाई होती. डोके नव्हते, एक हात कोपरापासून गेलेला; पण कमरेची वळणदार रेघ, गळ्यातल्या माळेचा एकेक मणी, मांडीवरून उतरलेल्या वस्त्राची चूण, सारे शाबूत. तीन पिढ्यांची धुणी तिने पाठीवर सोसली होती आणि तोंड मातीत खुपसून ती पडून राहिली होती. कोणी जाणत्याने पाहून सांगितले, घडण चालुक्यांच्या वळणाची दिसते. कोणत्या देवळाची, कधी आणली, कोणी आणली, हे सांगणारे आता कोणी उरले नव्हते.

आता विलायतेच्या पाहुण्यांकडे वळतो.

१९८७ च्या दिवाळीच्या सुमारास आमच्या शाळेतले चित्रकला शिक्षक दिल्लीला जाऊन आले. तिथल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, म्हणजे जयपूर हाउसमध्ये, हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे मोठे प्रदर्शन भरले होते. आदल्याच वर्षी, १९८६ च्या ऑगस्टात, मूर वारला होता. ब्रिटिश कौन्सिल आणि मूरच्या नावाचे प्रतिष्ठान यांनी मिळून ती शिल्पे आणि चित्रे भारतात आणली होती. सरांनी येताना कॅटलॉग आणले आणि मधल्या सुट्टीत ते शिक्षकांच्या खोलीत टेबलावर उघडले. आडव्या पहुडलेल्या बायका, कुणाच्या पोटातून आरपार भोक, कुणाचे डोके सुपारीएवढे. आम्ही हसलो. गणिताचे शिक्षक म्हणाले, "एवढं भोक पाडून उरलेला दगड त्यांनी कुठं ठेवला?" सर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "हसा. पण हे आपल्याकडे पाहुणे म्हणून आले आहे. आपल्या घरातले असे काही आपण कधी निरखून पाहिले आहे का?"

त्यांच्या प्रश्नाची धार तेव्हा जाणवली नाही. पुढे वाचनात काही गोष्टी आल्या आणि या पाहुण्यांच्या सामानात आपल्याकडचेही थोडे काही होते, हे ध्यानात आले.

जॉर्ज बर्डवुड नावाचे एक गृहस्थ होते. जन्म १८३२ चा, आपल्या बेळगावातला. मुंबईत डॉक्टरी केली, तिथले वस्तुसंग्रहालय उभे करण्यात पुढाकार घेतला, हिंदुस्थानातल्या कारागिरीवर १८८० मध्ये नावाजलेला ग्रंथ लिहिला. आपले विणकर, तांबट, सोनार यांच्यावर या माणसाचे खरे प्रेम होते. पण हाच माणूस १९१० साली लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्सच्या सभेत अध्यक्षस्थानावरून म्हणाला की हिंदुस्थानात ललितकला म्हणावी अशी कलाच नाही. आणि जावातल्या एका ध्यानस्थ बुद्धमूर्तीच्या छायाचित्राकडे बोट दाखवून त्याने तिची तुलना चरबी घालून उकडलेल्या पुडिंगच्या गोळ्याशी केली. भांडे सुंदर, पण मूर्ती नाही. हात कुशल, पण आत्मा नाही, असा तो न्याय.

यावर लंडनमधल्याच काही कलावंतांनी 'टाइम्स' मध्ये निषेधाचे पत्र लिहिले. त्यात विल्यम रोथेनस्टाइन हा चित्रकार पुढे होता. त्याच वर्षी तिथे इंडिया सोसायटी स्थापन झाली. त्या काळात एरिक गिल आणि जेकब एप्स्टाइन हे तरुण शिल्पकार आपल्या देवळांतल्या मूर्तींकडे ओढले गेले. मातीचा नमुना करून तो दगडात उतरवण्याऐवजी छिन्नी थेट दगडाला भिडवायची, हा मार्ग त्यांनी धरला. हाच रोथेनस्टाइन १९२० मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टचा प्राचार्य झाला आणि पुढच्याच वर्षी तिथे यॉर्कशायरच्या एका खाणकामगाराचा मुलगा शिकायला आला. तो हेन्री मूर. कॉलेजपेक्षा जास्त तो ब्रिटिश म्युझियममध्ये शिकला. मेक्सिको, इजिप्त, आफ्रिका जे दिसेल ते त्याने डोळ्यांत साठवले. त्याची ती प्रसिद्ध पहुडलेली बाई चाकमूल नावाच्या मेक्सिकोतल्या पुरातन पाषाणमूर्तीवरून सुचली; तीही मूळ मूर्ती पाहून नव्हे, तिचा प्लास्टरचा साचा पाहून. म्हणजे ज्याला आपण 'आधुनिक ब्रिटिश शिल्प' म्हणतो, ती मुळात एक मोठी उसनवारी आहे. मूरने ती लपवली नाही, हा त्याचा मोठेपणा. उसने घेतलेले भांडे त्याने घासूनपुसून, त्यात स्वतःचा गुळाचा खडा घालून परत केले.

पुढे याच शिल्पांनी ब्रिटनच्या वतीने जग पालथे घातले. ब्रिटिश कौन्सिल १९३४ मध्ये स्थापन झाली होती. महायुद्धात ब्रिटन कंगाल झाले, साम्राज्य हातचे सुटू लागले आणि १९४८ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात मूरला शिल्पकलेचे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले. १९५२ मध्ये तिथेच आठ तरुण ब्रिटिश शिल्पकारांची कामे मांडली गेली. युद्धाच्या भयाने आक्रसलेली, काटेरी, लोखंडी. त्यानंतर ही फिरती प्रदर्शने म्हणजे ब्रिटनचा शिरस्ताच झाला. ज्यांच्याकडे पूर्वी पलटणी जात, त्यांच्याकडे आता पेट्यांतून पुतळे जाऊ लागले. यात राजकारण होते हे उघड आहे. आपणही १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये भारत महोत्सव भरवला, तेव्हा लंडनच्या हेवर्ड गॅलरीत आपल्या मूर्ती नेऊन मांडल्याच होत्या. पाहुण्याघरी जाताना बरे कपडे घालावेत, त्यात गैर काही नाही.

पण मला महत्त्वाचे वाटले ते दुसरेच. अशी शिल्पे फिरतात कशी, ते सरांनी मला सांगितले होते. शिल्प पेटीत बंद होण्यापूर्वी त्याचा एक कागद होतो. त्याला कंडिशन रिपोर्ट म्हणतात. कुठे ओरखडा, कुठे केसाएवढी चीर, कुठे हिरवा डाग, सारे छायाचित्रासह लिहायचे. शिल्पाबरोबर माणूस येतो. मुक्कामी पोचल्यावर पेटी लगेच उघडत नाहीत; आतल्या वस्तूला इथल्या हवेची सवय व्हावी म्हणून ती तशीच ठेवतात. मग उघडताना पुन्हा तोच कागद पुढे, पुन्हा एकेक ओरखडा तपासायचा, दोन्ही बाजूंनी सह्या करायच्या. परतताना पुन्हा तेच. घेणारा मालक नसतो. म्हणूनच तो इतके डोळ्यांत तेल घालून पाहतो. आजीच्या भाषेत, दुसऱ्याचं जोखमीचं असतं.

२०१० च्या डिसेंबरात मी मुलाकडे मुंबईला होतो. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत अनिश कपूरचे प्रदर्शन लागले होते. हा शिल्पकार १९५४ साली मुंबईतच जन्मलेला. योगायोग असा की तो स्टुडिओही त्याच साली उभा राहिला. पंजाबी बाप, इराकी ज्यू आई. विशीच्या आत देश सोडला, लंडनला शिकला, १९९० मध्ये व्हेनिसला ब्रिटनचा प्रतिनिधी म्हणून गेला, १९९१ मध्ये टर्नर पारितोषिक मिळाले. आणि जन्मगावी त्याचे पहिले प्रदर्शन येते ते छप्पन्न वर्षांनी, ब्रिटिश शिल्पकार म्हणून. दिल्लीत जयपूर हाउसला एक भाग, मुंबईत दुसरा. मुलगा म्हणाला, "बाबा, तुमच्या दगडाची एवढी गोष्ट सांगता, तर हे पाहाच."

जिथे सिनेमांचे सेट लागत त्या प्रचंड दालनात एक तोफ होती. एक माणूस येऊन तीत लाल मेणाचा गोळा भरी. सारे गप्प होत. मग धडाका होऊन गोळा समोरच्या कोपऱ्यात आदळे. भिंतीवर, जमिनीवर रक्तामांसासारखा लाल चिखल साचलेला. दोनच वर्षांपूर्वीचा मुंबईतला नोव्हेंबर माझ्या मनात आला, आणि शेजारच्या बाईंनी आपल्या मुलीचा हात घट्ट धरला तेव्हा तो त्यांच्याही मनात आला असावा असे वाटले. दुसरीकडे पोलादाचे झळझळीत आरसे होते, त्यांत माणसे उलटी दिसत, लांबत, नाहीशी होत. मी दोन तास होतो. तोफेपाशी दोर बांधलेला, कोणी ओलांडत नव्हते. पोरांना आया हळू आवाजात सांगत होत्या, "हात नाही लावायचा हं."

याच कपूरच्या दुसऱ्या एका कामाविषयी मी नंतर वाचले. त्याचे नाव संस्कृत आहे, 'स्वयंभू'. २००७ चे काम. लाल मेणाचा डब्याएवढा ठोकळा रुळांवरून अतिशय संथपणे एका दालनातून दुसऱ्या दालनात सरकतो. दरवाजे त्याच्या मापापेक्षा किंचित लहान. त्यामुळे ठोकळा दरवाज्याला घासत जातो. दरवाजा त्याला आकार देतो आणि मेण दरवाज्याला चिकटून राहते. आपल्याकडे स्वयंभू म्हणजे जे कोणी घडवले नाही ते. कपूरचे स्वयंभू वाटेतल्या दरवाज्यांनी घडवलेले. फिरत्या प्रदर्शनाचे मर्म याहून नेमके मला कुठे सापडले नाही. आणि आम्हा सीमाभागातल्या माणसांचेही. निजामाचे राज्य १९४८ पर्यंत, मग हैदराबाद राज्य, १९५६ मध्ये म्हैसूर, १९७३ मध्ये नाव बदलून कर्नाटक. न हलता आम्ही इतक्या दरवाज्यांतून गेलो. प्रत्येकाने थोडे खरवडले, प्रत्येकाला आमचेही थोडे लागून राहिले.

स्टुडिओतून बाहेर पडलो, रस्त्यावर चहा घेत होतो, तेवढ्यात मामांचा फोन आला. एक मनुष्य आला होता, दगडाचे पंचवीस हजार द्यायला तयार होता. रात्रीतून गाडी आणतो म्हणाला. काय करू? भावकीतले कोणी म्हणत होते, खंडित मूर्ती घरात नको, नदीत सोडा. कोणी म्हणत होते, विकून टाका, घराच्या स्लॅबला पैसे होतील. मामा मला विचारत होते, कारण घराण्यात शिकलेला मीच. मी दोन तास एका परक्या मेणाच्या ढिगाऱ्यापुढे श्वास रोखून उभा राहून नुकताच बाहेर आलो होतो. आणि मी काय म्हणालो? म्हणालो, "मामा, तुम्हाला योग्य वाटेल ते करा."

हे वाक्य सभ्य आहे, आदराचे आहे. पण त्या वेळी ते निव्वळ पळवाट होते. अशी वस्तू विकणे कायद्यात बसत नाही, हे मला ठाऊक होते. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंसाठी १९७२ चा कायदा आहे, पाषाणमूर्तीची नोंदणी करावी लागते, हे मी मुलांना नागरिकशास्त्रात शिकवले होते. तरी मी बोललो नाही. भावकीत वाईटपणा कोण घेईल? आणि मनाच्या तळाशी आजीचेच वाक्य होते: आपलं ते आपलंच हाय, त्याला कोण विचारतंय.

संक्रांतीनंतर परतलो तेव्हा दगड विकला गेला नव्हता, नदीतही गेला नव्हता. मामांनी तो गावच्या देवळाच्या ओसरीत, भिंतीला टेकवून, सिमेंटमध्ये पक्का बसवला होता. गावकऱ्यांनी भक्तिभावाने त्याला चंदेरी ऑइलपेंट फासला होता. माळेला सोनेरी. डोक्याच्या जागी नारळ ठेवला होता. मी संतापलो. ते मणी, ती वस्त्राची चूण, सारे रंगाखाली बुजलेले. मी बोलू नये ते बोललो. मामा शांतपणे म्हणाले, "तू तर म्हणला होतास, तुम्हाला वाटेल ते करा. मला हे वाटलं. तुला काय वाटतं ते तू तवा का नाही सांगितलंस?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही.

तेव्हापासून मी या प्रश्नाचा विचार करतो आहे: जुनी वस्तू कोणाची? याची दोन सोपी उत्तरे आहेत आणि दोन्ही मला चूक वाटतात.

एक उत्तर असे: जो नीट सांभाळतो त्याची. हे ऐकायला बरे वाटते. पण हीच मोठ्या म्युझियमांची जुनी सबब आहे. आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे एकोणिसाव्या शतकात लंडनला गेली, १८८० पासून ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. तिथे ती सुरक्षित आहेत, हे खरे. इथे राहती तर त्यांतल्या काहींचा चुना झाला असता, हेही खरे असेल. पण सांभाळल्याने मालकी येत असेल तर कुणाचेही मूल त्याच्याहून श्रीमंताने उचलून न्यावे. शिवाय सांभाळणारे चुकतात. त्याच म्युझियममध्ये १९३७-३८ साली ग्रीसच्या पार्थेनॉन मंदिरातली शिल्पे अधिक पांढरी दिसावीत म्हणून तांब्याच्या हत्यारांनी खरवडली गेली. शतकांचा पृष्ठभाग गेला तो गेला. आमच्या गावकऱ्यांनी चंदेरी रंग फासला, त्यांनी पांढरेपणासाठी खरवडले. दोन्हीकडे प्रेमच होते. दोन्हीकडे आपल्याला हवे तसे तिने दिसावे, असा हट्ट होता.

दुसरे उत्तर असे: ज्याच्या घरात, ज्याच्या गावात, ज्याच्या प्रांतात, त्याची; त्याने हवे ते करावे. आमच्या भागात हे उत्तर भाषेचा वेष घेऊन येते. मूर्ती कानडी की मराठी, यावर चहाच्या टपरीवर तासतास वाद होतात; मूर्तीवरची धूळ मात्र कोणी पुसत नाही.

या दोहोंच्या मधला रस्ता मला सापडला तो आमच्याच मातीत. हुमनाबादजवळ जलसंगवीला चालुक्यांच्या काळचे शिवमंदिर आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतींवर ज्या मदनिका आहेत, त्यांत एक लिहिणारी आहे. आपल्याकडे पाठ करून, अंगाला सुरेख बाक देऊन, ती शिलापट्टावर अक्षरे कोरते आहे. मजकूर संस्कृत आहे आणि तो सहाव्या विक्रमादित्याच्या थोरवीचा, त्याच्या पृथ्वीवरच्या सत्तेचा आहे. हा राजा १०७६ ते ११२६ पर्यंत राज्यावर होता आणि कल्याण, म्हणजे आपले बसवकल्याण, ही त्याची राजधानी. निवृत्त झालेल्या चित्रकलेच्या सरांना घेऊन मी तिथे गेलो. सर कितीतरी वेळ तिच्यापुढे उभे राहिले. म्हणाले, "दिल्लीला मूर पाहताना मला हिचीच आठवण येत होती. तुम्हा लोकांना सांगितले असते तर तुम्ही हसला असता."

याच राजाच्या पदरी विज्ञानेश्वर होता. कलबुर्गी जिल्ह्यातले मरतूर हे त्याचे गाव मानतात. त्याने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली आणि वारसाहक्काच्या बाबतीत ती देशाच्या मोठ्या भागात शतकानुशतके प्रमाण ठरली. तिचा गाभा असा: वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मानेच येतो. बाप जिवंत आहे म्हणून तो एकटा धनी नव्हे. जे जन्मले आहेत, जे गर्भात आहेत, जे अजून जन्मायचे आहेत, त्या साऱ्यांचा निर्वाह तीवर आहे; म्हणून हातात आहे त्याने ती मनाला येईल तशी देऊन वा विकून टाकू नये. या हक्कातून मुलींना वगळले होते, हा तिचा मोठा अन्याय. तो कर्नाटकात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये कायद्याने दूर झाला. पण मूळ विचार पाहा. ज्या राजाची सत्ता भिंतीवरची बाई पृथ्वीभर पसरलेली लिहिते आहे, त्याच्याच सभेतला पंडित सांगतो आहे की बापजाद्यांच्या शेताचाही तू एकटा मालक नाहीस.

इथे मला आजीचे पातेले आणि विलायतेचा कंडिशन रिपोर्ट एका जागी आलेले दिसले. वाडवडिलांकडून आले तेही उसनेच आहे. फरक इतकाच की ज्याला परत करायचे तो शेजारी अजून जन्मलेला नाही. तो भिंतीवरून डोकावून विचारायला येत नाही, म्हणून आपण त्या भांड्याला 'आपले' म्हणतो आणि काजळी धरू देतो.

यावर सरांनी एक हरकत घेतली आणि ती लहान नाही. ते म्हणाले, उसन्या वस्तूची काळजी भीतीपोटी असते. तुटली तर भरून द्यावी लागेल, ही ती भीती. विम्याच्या पोटी आलेल्या काळजीला आदर म्हणायचे का? आणि उसन्या वस्तूला कोणी जीव लावत नाही. आजीने त्या दगडावर तीस वर्षे धुणी आपटली, पण हळदकुंकूही वाहिले. संग्रहालयात दोराच्या पलीकडे ठेवलेल्या मूर्तीला कोण हळदकुंकू वाहतो? स्पर्श हाही आदरच आहे.

सरांचे म्हणणे मी पुष्कळसे मानतो. आपली देवळे हातांनी आणि ओठांनी झिजलेली आहेत आणि ती झीज मला ओरखडा वाटत नाही. आजीवर माझा आरोप नाही. तिला खाली काय आहे ते ठाऊकच नव्हते. मला ठाऊक होते. ठाऊक झाल्यावर जबाबदारी सुरू होते. आणि भीतीपोटी आलेली काळजी ही आदराची पहिली पायरी असू शकते. शेजारणीचे पातेले घासता घासता आजीला ते पातेले जितके माहीत झाले होते, तितके स्वतःचे कधीच झाले नव्हते. त्याच्या कडेवरचा एक बारीक पोचा तिने मला बोटाने दाखवल्याचे आठवते. "हा आधीपासनं हाय बरं का." नीट पाहिल्याशिवाय हे वाक्य उच्चारता येत नाही. जीव लावायचा तो इतके पाहून झाल्यावर लावावा.

तेव्हा आम्ही एक साधे काम केले. २०११ च्या दिवाळी पाडव्याला, व्यापारी वहीपूजन करतात त्या मुहूर्तावर, एक लाल बासनाची वही आणली. त्या ओसरीत बसून दगडाची स्थिती लिहून काढली. लांबी, रुंदी, जाडी. डोके नाही. डावा हात कोपरापासून नाही. पाठीवर धुण्याने पडलेला खळगा, भिंतीकडच्या बाजूने, आता दिसत नाही. चंदेरी रंग. सिमेंट. सारे लिहिले, मराठीत आणि शेजारी कानडीत. मामांनी, पुजाऱ्याने, शाळेच्या मुख्याध्यापकांनी आणि मी सह्या केल्या. पुरातत्त्व खात्याला अर्ज दिला, त्याची पोच वहीत चिकटवली. रंग काढायचा हट्ट मी सोडला. नुसते हातांनी खरवडून अपाय होईल, जाणत्या माणसाने पाहिल्याशिवाय हात लावायचा नाही, असे सर्वांनी ठरवले. पुन्हा रंगवायचे नाही, हेही ठरले. आणि आश्चर्य म्हणजे ते पाळले गेले.

दर पाडव्याला वही निघते. २०२० ची नोंद नाही. त्या वर्षी कोणी कोणाच्या ओसरीत बसत नव्हते. मामा २०१६ मध्ये गेले, त्यांच्या जागी त्यांची धाकटी मुलगी सही करते. गावची पोरे आता टेप धरायला धावतात, आणि मागच्या वर्षीचा पोचा कोणता, यंदाचा कोणता, यावर आमच्यापेक्षा तीच जास्त भांडतात. मूर्ती कानडी की मराठी, हे त्या दिवशी कोणी विचारत नाही. मापे दोन्ही भाषांत सारखीच येतात.

मुंबईला, दिल्लीला विलायतेची शिल्पे पुन्हा येतील. ती जरूर पाहावीत. हुमनाबादला ती येतील असे नाही. पण ती कशी सांभाळून आणतात आणि परत पाठवतात, तेवढे आपल्याला उसने घेता येईल.

मागच्या पाडव्याची नोंद अशी आहे: "उजव्या गुडघ्याखाली बोटाच्या पेराएवढा रंगाचा पोपडा सुटला. खाली काळा दगड दिसतो. वस्त्राच्या चुणीच्या दोन रेघा दिसतात. पोपडा कोणी काढला नाही, आपणहून सुटला." खाली चार सह्या आहेत. पाचवी एका पोराची आहे. त्याला कोणी सही करायला सांगितले नव्हते.